शब्द माझे, चाल माझी, गळाही माझाच

परवा संध्याकाळी ओळखीतला एक मुलगा घरी आला. वय बावीस-तेवीस. आई-वडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जातात; हा आजीपाशी राहून शिकला. अंबाजोगाईत पदवी घेतली, आता पोलीस भरतीची तयारी करतो. खुर्चीच्या काठावर बसला आणि बराच वेळ चहाच्या कपाकडेच बघत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, मी नऊ गाणी केलीत. शब्द माझे, चाल माझी, गातोही मीच. पुण्यातला एक स्टुडिओवाला अल्बम करून देतो म्हणतोय. चाळीस हजार सांगतो. तुम्ही एकदा ऐकता का? तुम्ही हो म्हणलात तर करतो, नाही तर राहू देतो."

चाळीस हजार रुपये ऊसतोडीच्या घरात कुठून येतात, हे आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. आणि ती फिटेपर्यंत पहाटेपासून फडात. त्यामुळे गाणी चांगली आहेत की वाईट, एवढाच तो प्रश्न नव्हता. माझ्या 'हो'ची किंमत त्या घरात दुसरंच कुणीतरी चुकवणार होतं.

तो माझ्याकडे आला याला कारण आहे. १९८६ ते २००७ अशी एकवीस वर्षं अंबाजोगाईत माझं कॅसेटचं दुकान होतं. मी गायक नाही, वादक नाही, शास्त्रही शिकलेलो नाही. पण लोक काय मागतात, काय हातात घेऊन परत ठेवतात आणि रात्री शटर ओढण्याआधी स्वतःसाठी कोणती कॅसेट लावावीशी वाटते, एवढं मात्र मला कळतं. तेवढ्या भांडवलावर आज बोलतो आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. अल्बम म्हणजे आठ-दहा गाण्यांचा एक संच. सोलो अल्बम म्हणजे एकाच कलावंताच्या नावावरचा. मी ज्याबद्दल बोलतोय तो त्यातलाही एक वेगळा प्रकार. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा, तिन्ही एकच माणूस. आणि गाणी नाचायला लावणारी नव्हेत, स्वतःशी बोलल्यासारखी. तशी ती पॉप गाणीच असतात. चार-पाच मिनिटांची, ध्रुवपद आणि अंतरा असलेली, एकदा ऐकून गुणगुणता येणारी. पण तिसऱ्यांदा ऐकताना एखादा शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतो. सूर फार वर चढत नाही. वाद्यं मागे सरून बसलेली असतात, कारण पुढे एक माणूस बोलत असतो.

आपल्याला याची फारशी सवय नाही. मराठी गाणं हे वाटणीचं गाणं आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांनी कविता लिहायची आणि जी. एन. जोशी यांनी ती ध्वनिमुद्रिकेवर गाऊन घरोघरी न्यायची, अशी भावगीताची सुरुवात १९३०च्या दशकात झाली. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' झालं. छप्पन्न गाणी, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके यांचं, गळे अनेकांचे. ही वाटणी वाईट मुळीच नव्हे. कवीनं लिहिलेला शब्द सुरात बसत नाही म्हणून संगीतकार परत पाठवतो, संगीतकाराची जागा गळ्यातून निघत नाही म्हणून गायक अडतो. गाणं असं तीन चाळण्यांतून आपल्यापर्यंत येतं. एकाच माणसाच्या गाण्याला या चाळण्या नसतात. त्याची सगळी ताकद त्यात आहे, आणि सगळा धोकाही.

मला हे पहिल्यांदा उमगलं ते गोव्यात. १९८९ साली आम्ही चार मित्र सहलीला गेलो होतो. पणजीतल्या एका दुकानात, धंद्याची सवय म्हणून, मी काय चालतंय ते विचारलं. दुकानदारानं रेमो फर्नांडिस यांची कॅसेट पुढे केली. नाव 'गोवन क्रेझी', १९८४ सालची. इंग्रजी माझी बेताची, निम्मे शब्द कळले नाहीत. पण त्या कॅसेटची जन्मकथा अशी होती, की मी दुकानातच तासभर बसलो.

रेमो शिवोलीचे. मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकलेले. मुंबईच्या कंपन्यांनी त्यांची गाणी घेतली नाहीत, तेव्हा त्यांनी घरातच चार ट्रॅकचं रेकॉर्डर मांडलं. हे यंत्र कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण गंमत त्यातच आहे. आपल्या साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात. दोन 'ए' बाजूच्या, दोन 'बी' बाजूच्या. चार ट्रॅकच्या यंत्रात त्या चारही एकाच दिशेनं वापरतात. पहिल्या पट्टीवर गिटार वाजवून घ्यायची. ती कानात ऐकत दुसरीवर ढोल. ते दोन्ही ऐकत तिसरीवर बासरी. मग तिन्ही मिळून चौथीवर उतरवायच्या, म्हणजे तीन पट्ट्या पुन्हा मोकळ्या होतात, त्यांवर आवाज आणि आवाजाला आवाजाचीच साथ. असं एकट्या माणसानं खोलीत बसून वाद्यवृंद उभा करायचा. अट एकच. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते, त्यामुळे काय आधी घ्यायचं आणि काय नंतर, हे डोक्यात पक्कं पाहिजे. तयार झालेल्या कॅसेटी रेमो स्वतःच्या स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत पोचवत. पुढे मोठ्या कंपन्या त्यांच्या दारात आल्या, हिंदी सिनेमा आला, २००७ मध्ये पद्मश्रीही आली. पण त्या दुकानदाराला आठवत होती ती स्कूटरच.

दुसरा धडा गावातच मिळाला. आमच्याकडे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे परराज्यांतले विद्यार्थी दुकानात येत. १९९३ साली एक बंगाली विद्यार्थी एक कॅसेट घेऊन आला. त्याला तिची दुसरी प्रत भरून हवी होती. कॅसेट भरून देणं हा तेव्हा आमचा मोठा धंदा. गिऱ्हाईक चिठ्ठीवर बारा गाणी लिहून आणायचं, आम्ही ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. कायद्यानं ते चूकच होतं. गावोगाव चालायचं म्हणून बरोबर ठरत नाही. असो. ती कॅसेट होती सुमन चट्टोपाध्याय यांची 'तोमाके चाई', १९९२ सालची. हेच पुढे कबीर सुमन झाले. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळा त्यांचा. हा माणूस जर्मनीत आणि अमेरिकेत रेडिओवर बंगाली विभागात नोकरी करून कोलकात्याला परतलेला, वय चाळीशीच्या पुढे. मी त्या विद्यार्थ्याला विचारलं, हा देवाचं गातो की बाईचं? तो म्हणाला, "बाईचं वाटतं, पण ऐकत गेलं की शहराचं वाटतं, बसचं, गल्लीचं, सगळ्याचंच." बंगालमध्ये अशा गाण्यांना 'जीवनमुखी' असं नाव पडलं. प्रत भरताना कॅसेट पूर्ण वाजवावीच लागायची. ती संपल्यावर मी ती पुन्हा पहिल्यापासून लावली. भाषा कळत नव्हती, पण कुणीतरी माझ्याशीच बोलत होतं.

आता पुढचं सांगायला जरा जड जातं. १९९४ च्या उन्हाळ्यात केजकडचे एक प्राथमिक शिक्षक दुकानात आले. पिशवीत पंचवीस कॅसेटी. वेष्टन स्थानिक प्रेसमध्ये एकाच रंगात छापलेलं, आणि त्यावर शब्द, संगीत, गायन या तिन्हींपुढे एकच नाव, त्यांचं. मी हसलो. म्हणालो, "गुरुजी, तबलाही तुम्हीच का?" ते अगदी सरळपणानं म्हणाले, "नाही शेठ, तबल्याला मेव्हणा आहे." मी कॅसेटी ठेवून घेतल्या, पण काउंटरच्या खाली. समोर सिनेमाच्या, प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांच्या, लग्नसराईत लावण्यांच्या आणि एप्रिल महिन्यात भीमगीतांच्या कॅसेटी असत; त्यांतून जागा काढायची माझी तयारी नव्हती. दोन वर्षांत तीन खपल्या. गुरुजी दर महिन्याला येऊन विचारायचे. मग दोन महिन्यांनी येऊ लागले. मग नाहीत. एकदा मुलाला पाठवून उरलेल्या घेऊन गेले. गोव्याच्या आणि कोलकात्याच्या माणसाला मी मानलं, आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरून एस.टी.नं आलेल्या माणसाची कॅसेट मी एकदाही लावून पाहिली नाही.

मराठीत वारं बदलायला लागलं ते 'गारवा'नं, १९९८ साली. शब्द सौमित्र यांचे, म्हणजे अभिनेते किशोर कदम. चाली आणि गळा मिलिंद इंगळे यांचा. गाण्यांच्या अध्येमध्ये कवी स्वतःच्या आवाजात बोलतो. म्हणजे काम अजून दोघांत वाटलेलं होतं, पण कवी आता वेष्टनावरच्या बारीक अक्षरांतून उठून कॅसेटच्या आत येऊन बसला होता. पावसावरचा अल्बम, आणि आपला जिल्हा पावसाची वाट पाहण्यात हयात घालवणारा. तरी पोरं यायची आणि ती कॅसेट मागायची. कदाचित म्हणूनच मागत असतील.

त्यानंतर पुण्याचे संदीप खरे. 'दिवस असे की' या अल्बममध्ये शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. २००३ पासून डॉ. सलील कुलकर्णी यांच्यासोबत 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव पोचला. कवी स्वतः मंचावर बसून स्वतःची कविता म्हणतो, लगेच तिचं गाणं होतं, आणि त्यासाठी लोक तिकीट काढतात! आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे आधी सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं. खरे यांचा गळा कसलेल्या गायकाचा नाही, असं तेव्हा काही जाणकार गिऱ्हाइकं मला सांगत. बरोबर असेल. पण अशा गाण्यात गळा तयारीचा असण्यापेक्षा तो त्या शब्दाचा मालक वाटणं महत्त्वाचं. दुसऱ्या कुणी ते गाणं सुरेल गायलं, तरी भाड्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतं.

हे सारं पश्चिमेकडून आलं असा एक समज आहे. तो अर्धा खरा आहे. तिकडेही १९६०च्या आधी लिहिणारे वेगळे, गाणारे वेगळे असाच मुख्य रिवाज होता. बॉब डिलन, जोनी मिचेल, लेनर्ड कोहेन यांच्या पिढीनं तो मोडला. मिचेल यांचा १९७१ चा 'ब्लू' हा अल्बम आजही या प्रकाराचा मापदंड मानतात, आणि डिलन यांना २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं. पण आपल्या मातीत पाहा. अभंगाच्या शेवटी नाव येतं, तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. ती नाममुद्रा. हे मी म्हणतोय, माझ्या नावावर म्हणतोय, चुकलं तर मला धरा, असा त्या नावाचा अर्थ. आमच्या अंबाजोगाईत सोळाव्या शतकात दासोपंत होऊन गेले. लांबलचक कापडी पासोडीवर पंचीकरणाचा विषय लिहून काढणारे ते हेच. ती पासोडी गावात अजून जपलेली आहे. त्यांच्या पदांवर रागांची नावं आढळतात. म्हणजे कागदावर शब्द उतरतानाच चाल सोबत होती. आणि शेवटी मुद्रा, 'दिगंबरानुचर'.

नाव न घालता हेच करणाऱ्या बायकांची तर गणतीच नाही. जात्यावर बसून ओवी जोडायची, चाल लावायची आणि गायचीही आपणच. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली त्यांनी आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बाबासाहेबांवरच्या, स्वतःच्या जगण्यावरच्या. त्या बायकांना कुणी सोलो अल्बम म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं. पुढे गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि गाणं हे रेडिओतून ऐकायचं असतं असं ठरून गेलं.

तर तो मुलगा. त्याची नऊ गाणी मी त्याच्या मोबाइलवर ऐकली. सलग, मध्ये न बोलता. सात गाण्यांत प्रेम होतं, पाऊस होता, शहरातल्या कॉफीचा वास होता. चाली गोड. पण हा पोरगा कॉफी पीत नाही, मला माहीत आहे. आठवं गाणं लावताना तो म्हणाला, "हे सोडा काका, हे सहजच केलंय." गाणं होतं कुलपाबद्दल. सहा महिने घराला लागलेलं कुलूप, आजी ओसरीवर झोपते, किल्ली तिच्या कनवटीला, आणि आई-वडील कोपीतून परत आल्यावर ते कुलूप गंजानं उघडत नाही. एवढंच. आवाज खालच्या पट्टीत, मागे फक्त पंख्याचा घरघराट. मी ते तीनदा ऐकलं. तो मान खाली घालून बसला होता.

मघाशी चाळण्यांचं म्हणालो ते यासाठी. एकट्यानं लिहिणाऱ्याला आपलं कोणतं गाणं खरं आणि कोणतं उसनं, हे बहुतेक वेळा कळत नाही. समोर एक तरी माणूस लागतो. लेनर्ड कोहेन यांचा 'यू वॉन्ट इट डार्कर' हा अल्बम ऑक्टोबर २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबरमध्ये ते गेले, ८२ व्या वर्षी. पाठीच्या दुखण्यानं स्टुडिओत जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी घरच्या बैठकीत खुर्चीवर बसून गाणी म्हटली. ती उभी करायला मुलगा अ‍ॅडम शेजारी होता. पन्नास वर्षं गाणी लिहिणाऱ्यालाही असा माणूस लागला. केजच्या गुरुजींना तो मिळाला नाही. निदान माझ्या काउंटरवर तरी नाही.

मी मुलाला सांगितलं ते असं. चाळीस हजार देऊ नकोस. आज स्टुडिओ लागतोच असं नाही. एक बरा मायक्रोफोन, कुणाचा तरी जुना लॅपटॉप आणि पांघरुणं टांगलेली खोली यांत काम होतं. रेमोंच्या चार पट्ट्यांच्या जागी आता हव्या तेवढ्या मिळतात, खरखरही वाढत नाही. उलट जास्त मिळतात हीच पंचाईत. पंख्याचा घरघराट काढून तिथं व्हायोलिन घालायचा मोह होईल. घालू नकोस. सात गाणी बाजूला ठेव. कुलपासारखी आणखी पाच होईपर्यंत अल्बमचं नाव काढू नकोस, आणि तोवर भरतीची धाव चुकवू नकोस. 'बापानं सांगितलं तेच तुम्ही सांगताय' असं त्याच्या चेहऱ्यावर आलं, पण तो बोलला काही नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याच्या फोनवर स्वतः वाचून काढली. स्टुडिओवाल्यानं कराराचा मसुदा पाठवला होता. त्यात गाण्यांचे सगळे हक्क कायमचे स्टुडिओकडे, असं कलम. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आहे. तिच्यामुळे गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क करारानं सोडून देता येत नाही. तो वारसाकडे किंवा हक्क गोळा करणाऱ्या सोसायटीकडेच जाऊ शकतो. आणि हा पोरगा तर गीतकारही आहे आणि संगीतकारही, म्हणजे दोन्ही वाटे त्याचेच. गाणं लिहिणाऱ्या प्रत्येकानं सही करण्याआधी एवढं तरी माहीत करून घ्यावं. पैसा किती येईल ते मी सांगू शकत नाही. बहुतेक फार येणार नाही.

तो उठताना मी त्याला गुरुजींची हकीकत सांगितली. म्हणाला, "काका, त्यांची एखादी कॅसेट आहे का?" दुकान बंद करताना खोक्यांत एक सापडली होती; मुलगा उरलेल्या घेऊन गेला तेव्हा तेवढी राहून गेली असावी. ती मी माळ्यावरून काढली. वेष्टनाचा रंग उडालाय, नाव वाचता येतं. पण माझ्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालाय, फीत ओढत नाही, आणि जबरदस्तीनं लावली तर गुंतून तुटायची भीती. गावात आता टेप दुरुस्त करणारा एकच म्हातारा उरलाय. त्याच्याकडे यंत्र टाकलंय. बुधवारी देतो म्हणालाय. मुलगा भरतीच्या सरावावरून परस्पर इकडेच येणार आहे.